रूबेनचा जिताडा

रूबेन वरसोलकर खोबरेल मापून देताना माप पालथं करून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचा. तो थेंब गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाइकाने "अजून थोडं घाल की" म्हटलं, तर तेवढ्याच शांतपणे म्हणायचा, "ते माझं."

माणसांच्या बाबतीतही त्याचं माप असंच होतं. त्याच्या लग्नाच्या वरातीत घोडा बिथरला आणि नवरदेव खाली पडला. तेव्हा नागावचा एक वाडीवाला मोठ्याने हसला. रूबेनने अकरा वर्षं त्या माणसाला तेल विकलं नाही. बाराव्या वर्षी तो वाडीवाला नारळावरून पडला, पाय मोडला. रूबेन स्वतः मालिशचं तेल घेऊन गेला, त्याच्या उशाशी ठेवलं, आणि हसला. एकदाच. दुसऱ्या दिवसापासून त्याला तेल सुरू.

या हिवाळ्यात रूबेन गेला. कबरस्तानात सगळे म्हणाले, देवभोळा माणूस, कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही. यातलं पहिलं खरं होतं. दुसरं खरं नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मी नेहमीसारखा गप्प राहिलो. मी पोस्टात होतो. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवलं, स्वतः काही लिहिलं नाही. पण हे माझ्याशिवाय सांगणारं आता इथे कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, शनिवारी काम न करणारे. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. आता इस्राएल आळीत चार घरं उरली आहेत. त्यांतलं एक रूबेनचं. पुढे घाणा, मागे घर. घाणा अलीकडे विजेवर चालायचा, पण शनिवारी तेव्हाही बंद. रस्त्यापलीकडे आमचं प्रार्थनाघर, सिनेगॉग. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत, मीही म्हणतो.

लहानपणी तिथे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आम्हाला गोष्टी सांगत. म्हातारा इसहाक आंधळा झाला. थोरल्या एसावला शिकार करून आणायला पाठवलं आणि धाकट्या याकोबाने मागच्या मागे बापाचा आशीर्वाद घेतला. आम्ही सगळी पोरं याकोबाच्या हुशारीवर खूश. रूबेन एकटा विचारायचा, "बाप थांबला का न्हाय? एवढी काय घाई होती?" हजान म्हणायचे, ती देवाची योजना होती. रूबेन म्हणायचा, "मग देवाने एसावला सांगायचं ना, जाऊ नको म्हणून." त्यावर त्याला पट्टी बसायची.

त्याच्या वडिलांचं नाव हसाजी. हसाजी म्हणजे इसहाकच. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. दर शुक्रवारी दिवा लागला की दोन्ही मुलं पुढ्यात बसायची आणि ते डोक्यांवर हात ठेवून म्हणायचे, देव तुम्हाला एफ्राईम-मनश्शेसारखं करो. ते नेहमीचं. पण त्यांच्या घराण्यात आणखी एक आशीर्वाद होता. बाप तो मरताना एकदाच द्यायचा आणि एकालाच द्यायचा. ज्याला मिळाला त्याने तो पुढे चालवायचा. एकदा दिला की परत घेता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. आळीत सगळे धरून चालले होते की तो रूबेनचा. धाकटा सॅमी पंच्याहत्तर साली इस्राएलला गेला, तिकडे अश्दोदला स्थायिक झाला. हसाजीबाबांना न्हाऊ-माखू घालणारा, उचलून परसात नेणारा, दाढी करणारा रूबेन, आणि भरवणारी त्याची बायको मैना.

बत्तीस वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा सॅमी पंधरा दिवसांची रजा काढून आला. बाबांच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो बाहेर ओट्यावर येऊन रूबेनला म्हणाला, "दादा, बाबांना जिताडा खायचाय. ताजा. सारखं तेच म्हणतायत."

रूबेनने विचारलंसुद्धा नाही. सायकल काढली आणि साळावच्या पुलाकडे खाडीवर गेला. जिताडा म्हणजे आमच्याकडचा राजा मासा, पण तो भरतीची वाट बघायला लावतो. रूबेन तीन तास चिखलात उभा राहिला.

मी तेव्हा आत बाबांच्या पायाशी बसलो होतो. बाबांनी विचारलं, "रूबेन आला?"

सॅमी म्हणाला, "गेलाय कुठेतरी. येईल."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा बाबांनी विचारलं नाही. हात चाचपडत वर केले, सॅमीने डोकं पुढे केलं. बाबांनी तो आशीर्वाद दिला. मी शब्द न् शब्द ऐकला. मला म्हणता आलं असतं, की बाबा, रूबेनला यानेच धाडलाय, थांबा. मी पोस्टातला माणूस. दुसऱ्याच्या पत्रात आपण बोलायचं नसतं असं काहीतरी मनाशी म्हटलं आणि बसून राहिलो.

रूबेन हँडलला जिताडा लटकवून आला तेव्हा आत रडारड सुरू झाली होती. मासा ओट्यावर राहिला. मयताच्या घरात कोण चूल पेटवणार? मांजरांनी खाल्ला. रात्री मैनावहिनीने नवऱ्याला सांगितलं, "बाबांना तीन दिवस पाणी उतरत नव्हतं. जिताडा कुठला मागतायत?"

रूबेन सॅमीला एक शब्द बोलला नाही. सात दिवस त्याच्या शेजारी जमिनीवर बसून सुतक पाळलं, आठव्या दिवशी त्याची बॅग उचलून एसटीत ठेवली. मला वाटलं, विसरला. उशाशी तेल आलं तेव्हा वाडीवाल्यालाही असंच वाटलं असणार.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी सॅमी आला. बरोबर मुलगा ओरेन आणि तेरा वर्षांचा नातू. नातवाची बार मित्झ्वा, म्हणजे मुलगा पुरुषांत मोजला जाऊ लागतो तो विधी, त्याला इथेच, बापजाद्यांच्या मशिदीत करायची होती. मुलगा पहिल्यांदा तोरा, आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचणार आणि मग आजोबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून घराण्याचा तो आशीर्वाद देणार. सॅमीला हृदयाचा त्रास होता. "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, एलू," तो मला म्हणाला. "माझ्यापाशी बाबांनी ठेवलेलं आहे ते याच्याकडे सोपवून जातो."

गुरुवार सकाळ ठरली. शुक्रवारी पहाटे त्यांचं विमान होतं. आमच्यात तोरा उघडायची तर दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. आणि हे वाचन दुपारच्या आत व्हावं लागतं. मुंबईहून चौघे मांडव्याच्या लाँचने येणार होते. पण वारा सुटला, आदल्या संध्याकाळीच बंदरावर धोक्याचा बावटा लागला, लाँच बंद झाल्या. ते चौघे सकाळी गाडीने निघाले आणि वडखळला अडकले. फोनवर म्हणाले, दोन वाजतील.

आम्ही मोजलं. हजान, सॅमी, ओरेन, नातू, मी, अलिबागचे चौघे. नऊ.

आणि समोर घाणा धडधडत होता. रूबेन एरवी दहाच्या आधी यंत्र लावत नसे. त्या दिवशी सातलाच सुरू.

मला बोलवायला पाठवलं. रूबेन खोबऱ्याचे तुकडे यंत्रात लोटत होता.

"चल ना," मी म्हटलं. "दहावा तू."

"न्हाय येत."

"रूबेन, पोराचं काय चुकलं?"

"माझं काय चुकलं होतं?" त्याने फडक्याला हात पुसले. "एलू, तू आत होतास तेव्हा. आजवर कधी विचारलं तुला?"

"नाही."

"मग आज तू मला काय सांगू नको."

तेव्हा डब्यांच्या थप्पीमागे कोणीतरी खोकलं. वाकून पाहिलं तर रूबेनचा मुलगा बेनी, स्टुलावर बसून पाव-चहा खात होता. हा न्हावा शेव्याला बंदरात कामाला. गुरुवारी सकाळी इथे कसा?

"काल बोलावून घेतला," रूबेन म्हणाला. "बावटा लागल्यावर."

मग मला कळलं. बेनी एकटा जरी रस्ता ओलांडून आला असता तरी आम्ही दहा झालो असतो. रूबेन माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "सॅमीला इकडे धाड. त्यानेच यायचं. आणि तुला बोलायचं असलं तर बोल. तीस वर्षं गप्प होतास, आज वाचा फुटली तरी मी काय करणार?"

सॅमी आला, टोपी सावरत. बेनी पुन्हा डब्यांमागे होता. यंत्र बंद न करताच रूबेन बोलला.

"मला जिताडा खायचाय."

"काय?"

"ताजा. बर्फातला न्हाय, बाजारातला न्हाय. साळावच्या पुलाखालचा. तू स्वतः आणायचा. जिताडा आण, आपलं फिटलं."

सॅमीचा चेहरा पांढरा झाला. मग म्हणाला, "दादा, मी तेव्हा... तो आशीर्वाद तुला इथे मिळालाच होता, रोज. तू त्यांच्यापाशी होतास. मला काय होतं तिकडे?"

"नऊ वाजले," रूबेन म्हणाला.

"मासा आणला तर येशील?"

"मशिदीत येईन. अब्राहम, इसहाक, याकोबाच्या देवाची शपथ."

सॅमीने माझ्याकडे बघितलं. "एलू, जाऊ ना? होईल ना वेळेत?"

मला भरती माहीत होती. अकराशिवाय जाळी वर येणार नव्हती हे माहीत होतं. बेनी पाच हातांवर बसलाय हेही माहीत होतं. मी म्हटलं, "रिक्षा मिळेल नाक्यावर."

पहिल्या वेळी मी भित्रा म्हणून गप्प होतो. या वेळी मुद्दाम.

अकरा वाजता घाणा थांबला. एकदम शांत झालं, तशी मशिदीतले सगळे दाराकडे बघायला लागले. रूबेन आंघोळ करून, बापाची जुनी प्रार्थनेची शाल घेऊन आला. मागे बेनी. हजानांनी बोटांवर मोजलं. सॅमीवाचून आम्ही आठ, वर हे दोघे. "दहा! सॅमी कुठाय?"

"येईल," रूबेन म्हणाला.

"मग थांबू की थोडं."

"दहा आहेत. सुरू करा. न्हाय तर मी आणि माझा पोरगा चाललो. यंत्रात खोबरं आहे."

ओरेनने बापाला फोन लावला. फोन तिथेच खिडकीत चार्जिंगला होता, तिथेच वाजला. घड्याळ सव्वा अकरा दाखवत होतं. तोरा बाहेर काढली.

पोरगा चांगला वाचला. एकदाही अडखळला नाही. वाचून झाल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, आजोबा कुठे आहेत?

रूबेन पुढे झाला. मराठीतच म्हणाला, "गेलाय कुठेतरी. येईल." ओरेनने मुलाला त्याचा अर्थ सांगितला. मला एकट्याला माहीत होतं ते कोणाचे शब्द होते. ते त्याला मैनावहिनीने सांगितलेले. दारावरून जाताना तेवढंच तिच्या कानावर पडलं होतं.

मग त्याने पोराच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. घरातला थोरला पुरुष, कोण अडवणार? हात ठेवले आणि तो थांबला. ओठ हलेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याला शब्दच माहीत नव्हते. ते त्याला कधी मिळालेच नव्हते. जगात ते दोघांनीच ऐकले होते, आणि त्यातला एक खाडीवर होता.

रूबेनने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. देणं लागतोस, एवढंच होतं.

मी उभा राहिलो. माझा आवाज चार माणसांत निघत नाही, पण निघाला. "तुझ्या विहिरीला गोडं पाणी राहो."

"तुझ्या विहिरीला गोडं पाणी राहो," रूबेन म्हणाला.

"तुझ्या घाण्याचा बैल थकू नये. तुझ्या दारातून कोणी उपाशी जाऊ नये." मी सांगत गेलो, तो म्हणत गेला. "अब्राहमाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव तुझ्या पुढे चालो. तू थोरला. तुझ्यानंतर तू देशील त्याचा."

शेवटचं वाक्य चालू असताना दारात सॅमी आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात गोणपाटात गुंडाळलेला मासा. त्याने नातवाच्या डोक्यावरचे हात पाहिले. बेनीला पाहिलं. मग मला पाहिलं, कारण शब्द माझ्या तोंडून येत होते.

"दादा," तो म्हणाला, "मी तर मासा आणला."

"ओट्यावर ठेव," रूबेन म्हणाला. "माझाही ओट्यावरच राहिला होता."

सॅमी दारातच खाली बसला. नातू धावत गेला, ओरेन पाणी घेऊन गेला. मलिद्याचं ताट तयार होतं. गोड पोहे, खोबरं, पाच फळं. एलियाहू नबीचं नाव घेऊन ते सगळ्यांना वाटलं गेलं. सॅमीने हातात घेतलं, पण खाल्लं नाही. संध्याकाळीच ते विमानासाठी मुंबईला निघाले. या वेळी बॅग मी उचलली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. रूबेन गेल्याचं मी कळवलं, त्यालाही उत्तर नाही.

त्या दुपारी मी घाण्यावर गेलो. रूबेनने जिताडा स्वतः कापला, स्वतःच्या घाण्याच्या तेलात तळला. मैनावहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणून ताटंही त्यानेच मांडली. एक बेनीचं, एक माझं, एक स्वतःचं. डोकं त्याने स्वतः घेतलं.

"बरं वाटलं का?" मी विचारलं.

त्याने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "व्हय," म्हणाला. "चांगलं वाटलं."

मी माझ्या पुढ्यातला तुकडा खाल्ला. चव चांगली होती. मलाही बरं वाटलं होतं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.