जादा तपासण्या

गॅरेजमध्ये त्याला सगळे पासिंगमास्तर म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. त्याचं खरं काम गाड्यांना रंग मारण्याचं, पण नाव झालं ते पासिंगमुळे. जुन्या मालवाहू गाड्यांना दरवर्षी सरकारी तपासणीतून पास व्हावं लागतं, आणि याच्या हाताखालून गेलेली गाडी नापास होऊन परत आली असं सहसा होत नसे. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर चांगल्या नक्षीचे चार टायर टांगलेले असत. तपासणीच्या दिवशी सकाळी ते गाडीला चढायचे आणि दुपारी उतरून पुन्हा भिंतीवर जायचे. तसाच हेडलाइटचा एक जोड होता, तसेच दोन आरसे. पत्रा गंजला असेल तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि वर रंगाचा हात द्यायचा, की गाडी नव्या नवरीसारखी.

बाकीचे गॅरेजवालेही हे सगळं करत. मास्तरची खासियत होती ती ट्रायल. गाडी तपासणीला नेण्याच्या आधी तो स्वतःच साहेब व्हायचा. हातात पान्हा घेऊन गाडीभोवती फिरायचा, खाली वाकायचा, दिवे लावायला सांगायचा आणि कुठेकुठे पकडले जाऊ ते खडूने पत्र्यावर लिहायचा. मग तेवढंच दुरुस्त करायचं, बाकी गाडीला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाचे पैसे वाचत, म्हणून गिऱ्हाईक खूश. तो हे काम अगदी मन लावून करायचा. ती गाडी पुढे वर्षभर रस्त्यावर कशी चालते, हे विचारायला तो कधी कोणाच्या मागे गेला नाही, आणि त्यालाही ते कोणी विचारलं नाही.

बायको दोन वर्षांपूर्वी परदेशी गेली होती. तिकडे म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात ती देखभालीचं काम करायची: उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, रात्रपाळीला जागणं. घरभाडं तिच्या पैशातून जायचं, आणि हे मास्तरला आतून टोचायचं. गॅरेजमध्ये कोणी थट्टेने म्हटलं, की बाबा तुझं बरं आहे, तर तो हसायचा आणि घरी येऊन जेवण अर्धवट टाकायचा. आता ती त्याला नवरा म्हणून तिकडे बोलावून घेणार होती. व्हिसाची फाइल तयार होती. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, आणि ती काही गल्लीतल्या डॉक्टरकडून चालत नव्हती. तिकडच्या सरकारच्या यादीतला डॉक्टर मोठ्या शहरात, त्याची फी वेगळी, एक्स-रे वेगळा, रक्त वेगळं, लसी वेगळ्या, जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च वेगळा. सगळं मिळून बायकोचा महिन्याभराचा पगार. ती तीन आठवड्यांच्या रजेवर येणार होती, तेव्हा बसून हिशेब मांडू असं ठरलं.

मास्तरला वाटलं, एवढे पैसे ओतण्याआधी एक ट्रायल घ्यावी. शिवाय खोकला होता. बरेच दिवस होता, पण रंगाऱ्याला खोकला असतोच. गॅरेजमागच्या लॅबमध्ये छातीचा फोटो स्वस्तात निघायचा. ती यायच्या चार दिवस आधी तो गेला, शर्ट काढून थंडगार पाटीला छाती लावली, श्वास रोखला आणि बाहेर बाकावर येऊन बसला.

लॅबच्या डॉक्टरने फिल्म उजेडात धरली आणि उजव्या बाजूला वरती, खांद्याखाली, पेनाने एक गोल दाखवला. क्षय असावा, आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा, असं तो म्हणाला. औषध तिथे फुकट मिळतं, सहा महिन्यांत माणूस खडखडीत बरा होतो, पण घरात कोणी असेल तर आधी काळजी घ्या. मास्तरने मान डोलावली. फुकट हा शब्द त्याच्या कानात शिरला नाही. त्याने विचारलं, तिथे नाव लिहून घेतात का? डॉक्टर म्हणाला, अर्थातच.

नाव लिहून घेतात म्हणजे नोंद झाली, आणि नोंद झाली म्हणजे गाडी कायमची नापास. मास्तरने सरकारी दवाखान्याचा रस्ता सोडला आणि तो कंपाउंडरकडे गेला. हा शाळेपासूनचा दोस्त, आता औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभा असायचा. चिठ्ठीशिवाय गोळ्या द्यायला त्याने आधी आढेवेढे घेतले, मग दिल्या. देताना एक गोष्ट मात्र त्याने बजावून सांगितली. या गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरू नकोस.

मास्तर घाबरला तो तिथेच. बायको रोज आजाऱ्यांची लघवीची भांडी धुणारी. मोरीत लाल रंग दिसला तर ती एका नजरेत ओळखेल. मग रडारड, मग दवाखाना, मग नोंद, आणि रजेचे तीन आठवडे मातीत. त्याने गोळ्यांची पाकिटं रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवली, डबा गॅरेजच्या फळीवर ठेवला आणि ठरवलं, की ती परत गेली की सुरू करू. इतके दिवस खोकलोय, तीन आठवड्यांनी काय बिघडतं? असा विचार करणारा माणूस दुष्ट नसतो. दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

ती आली. दोन वर्षांनी आली होती, त्यामुळे पहिले दोन दिवस दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे वागले आणि तिसऱ्या दिवसापासून नवराबायकोसारखे. खोली एकच, पलंग एकच, खिडकी एकच. मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिने विचारलं, खोकला किती दिवसांचा आहे? तो म्हणाला, रंगाचा आहे, मास्क लावायचा कंटाळा करतो. ती त्याच्यावर रागावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्याच्यासाठी चांगला मास्क घेऊन आली. तो तिने त्याला गॅरेजमध्ये लावायला दिला.

जायच्या आदल्या आठवड्यात ती हिशेबाला बसली. पाकिटाच्या पाठीवर तिने ओळीने लिहिलं: फी, एक्स-रे, रक्त, लसी, प्रवास, मुक्काम. सगळ्यात खाली तिने लिहिलं, जादा तपासण्या, आणि समोर चांगला मोठा आकडा टाकला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीच्या नवऱ्याला असंच जादा तपासण्यांसाठी थांबवलं होतं, ऐन वेळी पैसे नव्हते, म्हणून हातचे राखून ठेवलेले बरे, असं तिचं म्हणणं.

मास्तरने तिच्या हातातून पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. "मला काय झालंय?" तो म्हणाला.

ती हसली. तिला बरं वाटलं असणार. स्वतःच्या तब्येतीची एवढी खात्री असलेला नवरा कोणाला नको असतो? तरीही त्या ओळीचे पैसे तिने त्याच्याकडे ठेवलेच, लागले तर असू देत म्हणून. मास्तरने मनात ठरवलं, यातला एक पैसाही लागू द्यायचा नाही. तिकडे उतरल्यावर विमानतळावरच तिच्या हातात ते पैसे परत ठेवायचे. निदान एवढं तरी आपल्या बाजूने.

ती गेली त्याच संध्याकाळी त्याने पहिली गोळी घेतली. महिन्याभराने तिकडून फोन आला की दिवस राहिलेत. मास्तरने गॅरेजभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. बाळ व्हायच्या आत पोचायचं, हे दोघांनी फोनवरच पक्कं केलं. दोन महिन्यांत खोकला गेला, भूक परत आली. त्याने दुसरी ट्रायल घेतली. आधीच्या फिल्मवरचा तो गोल आता नुसता पुसटसा डाग राहिला होता. लांबी बसली, रंगही बसला. त्याने गोळ्या बंद केल्या आणि मोठ्या शहराचं तिकीट काढलं.

यादीतली डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होती, थकलेल्या चेहऱ्याची, पण बोलायला सरळ. अर्जावरचे प्रश्न तिने स्वतः वाचले. पूर्वी कधी क्षय झालाय का? नाही. कुठली औषधं चालू आहेत, किंवा होती? नाही. मग त्यांच्याच यंत्रावर एक्स-रे झाला. तो बघताना ती जरा थांबली. इथे थोडं काहीतरी दिसतंय, ती म्हणाली. जुना एखादा एक्स-रे असेल तर तुलना करता येईल.

इथे मास्तरचा जन्माचा धंदा त्याच्या मदतीला धावला. गिऱ्हाइकाला बिल देताना तो नेहमी आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवायचा: हा गंज बघा, आणि ही आता झालेली गाडी बघा. माणूस मुकाट पैसे मोजायचा. त्याने पिशवीतून दोन्ही फिल्म काढल्या आणि डॉक्टरच्या उजेडाच्या पेटीवर स्वतःच्या हाताने लावल्या.

"बघा ना डॉक्टर," तो म्हणाला, "आधी एवढं मोठं होतं. आता काही राहिलंच नाही."

डॉक्टर बराच वेळ पेटीकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, हे आपोआप गेलं का? मास्तरने फिल्म काढायला हात पुढे केला, पण आता उशीर झाला होता. गोळ्यांची नावं सांगावी लागली, किती दिवस घेतल्या ते सांगावं लागलं, कोणी दिल्या ते मात्र त्याने सांगितलं नाही. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती लिहीत गेली, आणि लिहिता लिहिता सांगत गेली. अर्धवट औषध घेऊन मध्येच सोडणं हे न घेण्यापेक्षा वाईट, कारण उरलेला रोग निबर होऊन बसतो. आता थुंकी तीन सकाळी द्यायची, तिच्यातले जंतू वाढवून बघायला दोन महिने लागतात, आणि निकाल काहीही आला तरी सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायचा. त्यानंतर सगळी तपासणी पहिल्यापासून, फीसकट. शेवटी तिने विचारलं, पहिली फिल्म काढली तेव्हापासून तुमच्या खोलीत कोण कोण झोपलं?

खोडलेल्या ओळीचे पैसे त्याने तिथेच काउंटरवर मोजले.

बायकोला त्याने रात्री फोन केला. काहीतरी जुळवून सांगायचं त्याने एस.टी.त बसल्या बसल्या ठरवलं होतं, पण ती रोज आजारी माणसांत वावरणारी, तिने दोनच प्रश्न विचारले.

"तुला कधी कळलं?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी यायच्या आधी, की नंतर?"

"आधी," तो म्हणाला.

पलीकडे कोणीतरी म्हातारं माणूस हाका मारत होतं. ती त्याला येते म्हणाली, आणि मग फोनमध्ये म्हणाली, "मी तुझ्याकडे तोंड करून झोपायचे." आणि फोन ठेवला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्याने कळलं. तिला ते कामावर सांगावं लागलं. आश्रमातल्या म्हाताऱ्यांची तपासणी झाली, आणि तोवर तिला बिनपगारी घरी बसवलं. तिच्या रक्ततपासणीत निघालं की जंतू अंगात शिरलाय, पण झोपलेला, आजार नव्हे. पण पोटात मूल असताना गोळ्या कधी सुरू करायच्या यावर तिथल्या डॉक्टरांच्या दोन बैठका झाल्या. कामावर परत घेतलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर शेजारच्या दोघींनी आपले डबे उचलले. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्याने विचारलं, जेवलीस का, म्हणून सांगितलं.

मास्तर रोज सकाळी सरकारी दवाखान्यात जायचा, नर्ससमोर गोळ्या गिळायचा, तोंड उघडून दाखवायचा. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं गेलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. त्याच्या आधी आणि नंतर पानभर नावं होती. औषधाचे पैसे कोणी मागितले नाहीत. ते कडू तोंड घेऊन तो गॅरेजला जायचा. मुलगी झाली तेव्हा त्याचा चौथा महिना चालू होता. तिचा फोटो त्याला तीन दिवसांनी मिळाला, दवाखान्याच्या दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, आणि तिला धरणाऱ्या हातांत बायकोची अंगठी नव्हती. कोणाचे हात होते ते त्याने विचारलं नाही.

कोर्स संपला. पुन्हा मोठं शहर, पुन्हा फी, एक्स-रे, रक्त, पुन्हा तीन सकाळी थुंकी. या खेपेला त्याने खर्चाचा कागद स्वतः केला, शेवटच्या ओळीसकट. पैसे कोणाकडे मागितले नाहीत. भिंतीवरचे चार टायर त्याने एका ड्रायव्हरला विकले, त्याच्या गाडीला खरोखर बसवून दिले. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईने सही केली आणि पहिल्यांदाच हसली.

त्याने तिकडची संध्याकाळ होईपर्यंत वाट बघितली आणि व्हिडिओ कॉल लावला. बायको वाळली होती. खांद्यावर मुलगी, पाठमोरी, तिचं तोंड दिसत नव्हतं.

"पास झालो," तो म्हणाला.

तिने मुलीच्या पाठीवर दोनदा हात फिरवला.

"कागदावर, की खरंच?"

ती चिडली नव्हती. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. मास्तरने घाईघाईने रिपोर्ट उचलला आणि सहीशिक्क्याची बाजू कॅमेऱ्यापुढे धरली, आणि धरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तिला कागदच दाखवतोय. तो तसाच धरून राहिला. त्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं.

पलीकडून ती म्हणाली, फाइलचं बघू, आता हिची झोपायची वेळ झाली.