चेहऱ्याचं भिंग

जगात फोटो काढणारे पुष्कळ झाले आणि होतील. पण फोटो न काढण्याची कला इतक्या उंचीला नेलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. हे आमचे घरमालक. गोंदियाच्या बाहेर फुलचूरला त्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत मी, म्हणजे नागपूरहून आलेला एकटा शाळामास्तर; मागे ते, वहिनी आणि अर्धांगाने खाटेला खिळलेले त्यांचे वडील. घरमालक बिडीच्या पानांच्या एका ठेकेदाराकडे दिवाणजी होते. उन्हाळाभर नागझिऱ्याच्या बाजूला पानं गोळा होत तिथे मुक्काम, बाकीचे महिने गोदामात. सारं गाव त्यांना दिवाणजीच म्हणे. पानांच्या बाबतीत त्यांची नजर अशी पक्की, की पुडकं हातात न घेता आत फाटकी पानं किती ते सांगत.

अशा या सरळ माणसाला एका जंगलसाहेबाने बदलून जाताना आपला जर्मन कॅमेरा विकला आणि तिथून सगळं बिघडलं. हा कॅमेरा म्हणजे स्टुडिओवाल्यांचं काळ्या बुरख्यातलं खोकं नव्हे. मुठीत मावेल एवढा, आणि त्याच्या डोक्यावर एक चिमुकली खिडकी. तिला डोळा लावला की समोरचा माणूस दोनदा दिसे. भिंग फिरवत गेलं की ती दोन रूपं एकमेकांकडे सरकत आणि एकात एक मिसळली की अंतर बरोबर बसलं असं समजायचं. दिवाणजींना ही गंमत इतकी आवडली की पुढे फोटो काढायची गरजच त्यांना फारशी वाटेनाशी झाली. ते नुसतं अंतर मोजत. मी शाळेतून येताना दिसलो की ओट्यावरून हात वर करून सांगत, "गुरुजी, तिथंच थांबा. चौदा फूट." मी उन्हात उभा. ते भिंग फिरवत. मग समाधानाने "या आता" म्हणत आणि कॅमेरा पेटीत ठेवून देत. गावातल्या म्हशींनाही या थांबण्याची सवय झाली होती असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही.

या कॅमेऱ्याचं भिंग आट्यांवर बसे, म्हणजे फिरवून काढायचं आणि त्याजागी दुसरं चढवायचं. ज्याला एकाच्या जागी दुसरं चालतं त्याला तिसरं हवंसं वाटणारच. पहिलं आलं ते कॅमेऱ्यासोबतच. त्याला एक आखूड नळी होती. ती बाहेर ओढून पिळायची, तेव्हाच ते कामाला लागे. त्याचं नाव ‘घरचं’. मग कलकत्त्याहून एक रुंद नजरेचं मागवलं, त्यात अख्खी पंगत मावते म्हणून ते ‘पंगतीचं’. मग एक लांबडं, दूरच्या झाडावरचं टिपणारं, ते ‘पाखराचं’. एकदा एक भिंग आलं त्याचे आटेच जुळेनात. दिवाणजी ते घेऊन बाजारातल्या सायकलवाल्याकडे गेले. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दिवाणजी, ये किस साइकिल का है?" ते भिंग पुढे कित्येक वर्षं त्यांच्या वडिलांनी पंचांग वाचायला वापरलं.

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, आणि आमच्याकडे पावसाळा म्हणजे भिंतींनासुद्धा बुरशी. म्हणून प्रत्येक भिंग पितळेच्या स्वतंत्र डब्यात, खाली शेवरीचा कापूस, आणि कडेला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ओल शोषून घ्यायला. तांदूळ दर आठवड्याला वहिनी भाजून देत. जरा ऊन पडलं की सगळी भिंगं अंगणातल्या खाटेवर वाळत. वहिनींच्या वड्यांना त्या दिवशी खाटेवर जागा नसे, आणि वहिनी वड्यांचं सूप डोक्यावर घेऊन कौलांना टेकवलेल्या शिडीवर चढत. त्यांनी कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. पाखराचं कुठल्या डब्यात आणि पंगतीचं कुठल्या, हे दिवाणजींपेक्षा त्यांनाच नेमकं ठाऊक असे.

आता एवढी भिंगं असल्यावर प्रत्येक वेळी निवड आली, आणि निवडीत दिवाणजींचा जीव गुंते. एकदा आम्ही शंकरपट बघायला गेलो. बैलांच्या जोड्या सुटायच्या वेळी घरचं लावलेलं होतं. जोड्या सुटल्या तेव्हा दिवाणजींना वाटलं, पाखराचं बरं. ते लावलं तोवर धूळ खाली बसली होती. ते तडक जिंकलेल्या जोडीच्या मालकाकडे गेले आणि जोडी आणखी एकदा पळवायची विनंती केली. तो म्हातारा म्हणाला, "बैल हायेत ते दिवाणजी, नाटकातले राजे नाही." नागझिऱ्याच्या रस्त्यावर तर प्रत्यक्ष वाघ आडवा आला होता. त्या क्षणी एक भिंग दिवाणजींच्या डाव्या हातात, एक उजव्या हातात, आणि कॅमेरा मध्ये गळ्यात, तोंड उघडं. सोबतचा गाडीवान बैलांच्या पोटाखाली शिरला. दिवाणजी मला पुढे सांगत, "वाघानं वाट पाह्यली जी. पण तो तरी किती पाहणार." मग त्यांनी त्याच्या पावलांच्या ठशाचा फोटो तीन वेगवेगळ्या भिंगांनी काढला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यात वहिनींचं एक मागणं अडकलं होतं. वहिनींची आई खरगपूरला वहिनींच्या भावाकडे असे. तिच्या डोळ्यांवर पडदा चढत होता आणि शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं. सासऱ्यांना खाटेवरून उठवणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं सगळं वहिनींकडे, त्यामुळे तीन वर्षांत त्यांना माहेरी जाता आलं नव्हतं. आईचं प्रत्येक पत्र एकाच वाक्याने संपे: नजर आहे तोवर लेकीचं तोंड एकदा पाहायचं आहे, जमलं तर फोटो पाठवा. ते पत्र वहिनी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवत आणि संध्याकाळी दिवाणजींना विचारत, मग कधी काढता? दिवाणजी अगदी मनापासून सांगत, की माणसाच्या चेहऱ्याचं भिंग वेगळं असते. घरच्यानं नाक मोठं येते, पंगतीच्यानं डोकं तिकोनी येते. चेहऱ्याचं एकदा हाती येऊ दे, मग पाहा.

चेहऱ्याचं भिंग काही येईना. जर्मनीशी लढाई सुरू होती आणि कलकत्त्याचा दुकानदार पोस्टकार्डावर नुसती दिलगिरी पाठवी. मी एकदा धीर करून सुचवलं की बाजारात स्टुडिओ आहे, वहिनींना टांग्याने नेऊन आणतो, वडिलांजवळ तासभर तुम्ही बसा. दिवाणजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, की त्या स्टुडिओवाल्याच्या पडद्यावर हंस आहेत, आणि ज्याच्या घरी जर्मन कॅमेरा आहे त्याच्या बायकोनं हंसासमोर बसावं काय. खाटेवरचे म्हातारबा हे ऐकत होते. अर्धं तोंड वाकडं झालेलं असूनही त्यांना बोलायचं असलं की स्पष्ट बोलता येई. ते म्हणाले, "काऊन तरसवून राहिला बे तिले? काढून टाक न एखादा."

लढाई संपली आणि साहेबलोक सामान विकून परतू लागले. अशाच एकाच्या सामानात, घोड्याच्या जिनाखाली, दिवाणजींना चेहऱ्याचं भिंग सापडलं. आटे जुळत होते. त्या रात्री ते जेवले की नाही मला आठवत नाही. फिल्म मात्र मिळेना. शेवटी नागपूरच्या एका ओळखीच्याने सिनेमाच्या रिळाचा एक तुकडा पाठवला, पाच फोटो निघतील एवढा. पंधरा दिवस दिवाणजींनी रिकाम्या कॅमेऱ्यावर नव्या भिंगाची तालीम केली. मी, म्हातारबा, दुधवाला, सगळे त्यांच्यासमोर बसून झालो. तेवढ्यात खरगपूरहून वहिनींच्या भावाचं कार्ड आलं, की आई आता उजव्या डोळ्याने फक्त उजेड ओळखते, डाव्याने अजून थोडं दिसतं. दिवाणजींनी ते कार्ड स्वतः वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, अंगणात स्टूल मांडलं.

वहिनी हिरवं लुगडं नेसून आल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. मान जराशी डावीकडे कललेली, ती त्यांची नेहमीचीच सवय. दिवाणजींनी खिडकीतून पाहिलं, अंतर बसवलं, आणि मग वहिनींनीच विचारलं की यात हात येतात ना? आईला बांगड्या भरलेले हात दिसायला हवेत. दिवाणजी थबकले. चेहऱ्याच्या भिंगात चेहराच येतो, हात कुठून येणार? मला वाटलं, संपलं. आता हातांचं भिंग शोधायला आणखी चार वर्षं. पण त्यांनी चेहऱ्याचं भिंग काढलं, डब्यात ठेवलं, आणि जुनं घरचं चढवलं. पुन्हा डोळा खिडकीला लावला. या वेळी ते फार वेळ पाहत राहिले. भिंगाची कळ हलत होती आणि ते स्वतःशीच पुटपुटले, "दोन हायेत... आता एक झाली." मग पाचही फोटो त्यांनी एकामागून एक काढले. मी त्यांना असं झरझर काम करताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नागपूरहून फोटो धुऊन आले. पाकीट दिवाणजींनी ओट्यावर उघडलं. पाचही फोटोंत नुसतं धुकं. मध्ये कोणीतरी बसलेलं आहे, अंगावर काहीतरी गडद आहे, मान एका बाजूला आहे, एवढाच अंदाज येत होता. काय झालं ते त्यांना लगेच कळलं. घरच्या भिंगाची नळी बाहेर ओढायची राहिली होती. नव्या भिंगाला नळीच नव्हती, त्यामुळे पंधरा दिवसांत ती सवय मोडली होती. आणि खिडकीतून पाहताना भिंगाचं काही कळत नाही, तिथे सगळं स्वच्छच दिसतं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नळीचं काही नाही जी. मी तिच्या तोंडाकडेच पाहून राह्यलो होतो." आणि त्यांनी फोटो फाडायला घेतले.

वहिनी आतून आल्या. त्यांनी एक फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला, उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, "हा मी पाठवते. आईचे डोळे काही फिल्मसाठी थांबून राहणार नाही." दिवाणजींनी पुष्कळ सांगून पाहिलं, की हे पाहून ती माउली रडेल, जावयाला मूर्ख म्हणेल. वहिनींनी संध्याकाळच्या टपालाने फोटो टाकूनही दिला. पुढचे दहा-बारा दिवस दिवाणजी टपालवाला दिसला की गोदामाकडे निघून जात.

पत्र आलं ते भावाच्या हातचं. दिवाणजींनी ते मला वाचायला लावलं. भावाने लिहिलं होतं, की फोटो पाहून आम्हाला काहीच उमगलं नाही, पण आईने तो डाव्या डोळ्याशी नेऊन धरला आणि तासभर खाली ठेवला नाही. ती म्हणते, मला आता सारं जग असंच दिसतं, त्यात माझी लेक तेवढी ओळखू आली. मान अजून तशीच वाकडी धरते. आणि शेवटी आईने मुद्दाम लिहायला सांगितलेलं: पोरगी फार वाळली आहे, तिला वेळेवर जेवायला सांगा.

वहिनी पदराने डोळे पुसत आत गेल्या. मी दिवाणजींचं अभिनंदन करायला वळलो, तर त्यांचा चेहरा उतरलेला. ते माझ्या जवळ सरकले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गुरुजी, खरंच वाळली का जी ते? मले तं दिसलंच नाही."

दिसत मलाही नव्हतं. पण मघाशी पदराने डोळे पुसताना वहिनींच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, ते मला आठवलं. मी हो म्हणालो. मला त्यांची दया आली आणि माझी स्वतःचीही लाज वाटली.

महिन्याभरात त्यांनी वहिनींना खरगपूरला पाठवलं. ठेकेदाराकडून रजा घेतली आणि वडिलांचं सगळं स्वतः करू लागले; म्हातारबांच्या मते वाईट करत होते, पण करत होते. म्हातारबांजवळ दुधवाल्याला बसवून वहिनींना गाडीत बसवायला आम्ही दोघं गोंदियाच्या स्टेशनवर गेलो होतो. खिडकीशी उभं राहून दिवाणजी त्यांच्याकडे बघत होते, आणि वहिनी त्यांना म्हातारबांच्या औषधाच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगत होत्या. उजेड चांगला होता, अंतर चार-पाच फूट असेल. मला एकदम लक्षात आलं की त्यांच्या गळ्यात काहीच नाही. मी म्हटलं, कॅमेरा आणायला विसरलात.

"विसरलो नाही जी," ते म्हणाले. "ठेवून आलो."

गाडी हलली. आमगावच्या बाजूला शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते फलाटावर उभे होते, आणि त्यांच्या मागे मीही.