क्रेनखाली शब्द नकोत

मुकेकाका काही मुके नव्हते. चहाच्या सुट्टीत एकदा तोंड सुटलं की ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत बोलायचे. पण क्रेनखाली उभे राहिले की तोंडाला कुलूप. बंदरात त्यांचं काम इशारेवाल्याचं. वर केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवालीला उतरणाऱ्या ओझ्याखालचं नीट दिसत नाही, म्हणून यांनी खाली उभं राहून हातांनी सांगायचं: उचल, वळव, उतरव, थांब. सव्वीस वर्षं हेच करून आता जीव मेटाकुटीला आला होता.

शब्दांवर बंदी त्यांनीच घातलेली. त्या धक्क्यावर पाच भाषांची माणसं राबत, आणि आखूड शब्दांइतकं दगाबाज जगात कोणी नाही, हे काकांचं ठाम मत. लांबलचक शब्द परका असला तर निदान परका वाटतो, माणूस थांबून विचारतो. हे एका अक्षराचे टिकोजीराव मात्र घरच्यासारखे कानात शिरतात. आपण मान डोलवून 'हो' म्हणावं, तर उंच खलाशांच्या भाषेत 'हो' म्हणजे थांब. आपण कुणाला आदरानं 'या' म्हणावं, तर एकाला तो होकार वाटतो आणि दुसऱ्याच्या भाषेत 'या' म्हणजे 'मी'. एका टोळीचं 'नो' तर चक्क होकाराचं. काकांच्या सुरुवातीच्या वर्षांत एक हमाल खालून 'ना, ना' असं ओरडला आणि वरच्या परक्या माणसाला त्याच्या भाषेतलं 'हे घे' ऐकू आलं. पेटी खाली आली. हमालाचा पाय गेला. त्या दिवसापासून काकांच्या क्रेनखाली शब्द बंद, फक्त हात. थांबायची खूणही त्यांनीच ठरवली: दोन्ही हात डोक्याच्या वर, तळवे उघडे. धुक्यातसुद्धा दिसली पाहिजे.

आणि आता उजवा हातच वर जात नव्हता.

चार महिन्यांपूर्वी खांदा धरला तो धरलाच. घरी बायको केस विंचरून द्यायची. काका म्हणायचे, "सांगून टाकतो मुकादमाला."

"सात महिने राहिलेत निवृत्तीला," ती म्हणायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता बोललात तर उद्याच घरी बसवतील, आणि मग दिवसभर माझं डोकं खाल."

काका हसायचे. पण घरी बसायची त्यांना खरोखरच धास्ती होती. धक्का सोडून दुसरं काही त्यांना येत नव्हतं. मग त्यांनी युक्ती काढली. थांबवायचं असलं की डावा हात पूर्ण वर न्यायचा आणि उजवा कोपरात वाकवून छातीशी धरायचा, घाईत आहोत असं दाखवून. क्रेनवाली थांबायची. ती दुसऱ्याच मुलखातली. नऊ वर्षांत दोघांमध्ये वीस शब्द झाले नसतील, पण तिचा हात असा बसलेला की काका दमले तरी निश्चिंत असायचे. चालून जातंय, असं ते स्वतःला रोज सांगायचे.

मंगळवारी सकाळी लोखंडी पाइपांचा जुडगा उतरत होता. एका हमालाचा हातमोजा पडला आणि तो उचलायला तो वाकून थेट जुडग्याखाली शिरला. काकांनी हात फेकले. डावा गेला. उजवा छातीशीच अडकला. दातओठ खाऊन त्यांनी तो रेटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हात तसूभर हलला नाही. नुसता डावा हात वर, म्हणजे त्यांच्याच नियमानं 'अजून उतरव'; रोजची युक्तीही वरून तशीच दिसत असणार, हे त्यांना आत्ता उमगलं.

जुडगा हमालाच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला. हमाल हातमोजा झटकत, शीळ घालत निघून गेला. त्याला काही कळलंच नाही. काका तिथल्याच एका ओंडक्यावर बसले.

क्रेनवाली पाळी संपायच्या आत कधी खाली उतरत नसे. आज ती जुडगा बाजूला टेकवून शिडीवरून उतरली. चेहरा पांढराफटक. तिनं काकांचं उजवं मनगट धरलं आणि हळूहळू वर नेलं. खांद्याच्या खालीच हात अडला. काकांनी दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. तिनं हात परत मांडीवर ठेवला.

"चार महिने मला माहीत आहे," ती तिच्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली. "हात येत नाही. मी हात बघत नाही, तुमचा चेहरा बघते. चेहरा घाबरला की थांबवते. रोज. घरी जाऊन मी जेवत नाही. मी दमली, काका."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली युक्ती म्हणून जे चाललं होतं ते सगळं ही बाई एकटी ओढत होती, आणि आपण रात्री घोरत होतो. ते उठले आणि सरळ मुकादमाच्या खोलीत गेले.

"काय काका, काम टाकून?"

"माझा उजवा हात वर जात नाही. चार महिने झाले. मी लपवलं."

मुकादमाचं लिहिणं थांबलं. "आज काही झालं?"

"झालं नाही. तिच्यामुळे."

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लोटून घेतलं. "सातच महिने आहेत. एका हाताची खूण ठरवू. सगळ्यांना शिकवू."

"पाच टोळ्या आहेत. अंगवळणी पडेपर्यंत कुणाच्या तरी पाठीवर शिकतील."

"बरं, निदान आजचं जहाज तरी..."

"नको. आत्ताच दुसरा माणूस बघा, नाहीतर क्रेन उभी ठेवा."

काकांनी अंगातलं पिवळं जाकीट काढायला घेतलं. डावी बाही निघाली, उजवी निघेना. मुकादम टेबलाला वळसा घालून आला आणि लहान मुलाची काढावी तशी ती बाही हलकेच ओढू लागला. तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा काका मोठ्यानं 'आई गं' म्हणाले.