न पटणारी प्लास्टिकं आणि माझे साडू

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या साडूंइतका हुशार आणि तितकाच नालायक माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला हा गृहस्थ भरपूर पगाराची नोकरी सोडून डोंबिवली एमआयडीसीत माझ्या गाळ्यात भागीदार म्हणून आला, ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी भंगाराची पोती वाहून वर आलेलो. माझा हिशेब साधा : प्लास्टिक वितळवा, साच्यात घाला, विका. साडूंना मात्र ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशीच प्लास्टिकं एकत्र नांदवायची हौस. दुधाच्या पिशव्यांचं पॉलिथिन आणि कोळ्यांच्या फाटक्या जाळ्यांचं नायलॉन! कितीही ढवळा, आतून वेगळीच राहतात आणि थंड झाली की वस्तूचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. "दोघांचा हात धरणारा तिसरा पदार्थ हवा, साडूभाऊ," असं ते जेवतानासुद्धा सांगत.

जाळी घ्यायला आम्ही खाडीकाठच्या कोळीवाड्यात जायचो. मी घसा कोरडा करून भाव खाली आणावा, आणि यांनी जाळं उचलून म्हणावं, "वा मावशी, काय सुंदर धागा आहे!" संपलं. मावशी लगेच माझ्यावर उखडायची, "बग, त्यो शिकलेला हाय, त्याला कलतं. तू नुसता वरडतोस!" बरं, नायलॉन हवेतला ओलावा पितं, म्हणून वितळवण्याआधी सुकवायला हवं. ते यांनी कुठं सुकवावं? घरच्या ओव्हनमध्ये. माझी मेहुणी तणतणत आली, "भावोजी, यांना आवरा! माझ्या नानकटाईला बोंबलाचा वास येतोय!"

हेही सोसलं असतं. पण उल्हासनगरच्या एका बॅगवाल्याला बॅगांची चाकं हवी होती. ते काम मिळालं तर गाळा चालणार, नाही तर कुलूप, इतकं सरळ होतं. सकाळपासून घासाघीस करून मी शेठला राजी केला. त्याने हात पुढे केला, आणि जाता जाता सहज विचारलं, "चलेगा ना बरसों?" मी तोंड उघडायच्या आत साडूंनी नमुन्याचं चाक उचललं, अंगठ्याच्या नखाने त्याचा पापुद्रा काढला आणि शांतपणे शेठच्या तळहातावर ठेवला. "अजून नाही. थोडं थांबा."

"तुम्हारा पार्टनर तो तुमसे भी सच्चा निकला," शेठ हसत म्हणाला आणि गेला. मी काय काय बोललो ते छापण्याजोगं नाही. साडू म्हणाले, "पण ते फुटलं असतं हो." फुटू दे ना! वर्षाने फुटलं असतं, तोवर गाळा तर राहिला असता!

गाळा गेला. यंत्र टेम्पोत चढत होतं, तेव्हा साडू आतून धावत आले. आदल्या दिवशी त्याच यंत्रावर त्यांनी शेवटचा घाणा काढला होता. हातात एक करडं चाक. "जमलं, साडूभाऊ! तिसरा पदार्थ सापडला!" मी ते कापून पाहिलं, दाताने ओढलं, हातोडीने ठोकलं. एकसंध. "आज? आज जमलं तुम्हाला?" मी ओरडलो आणि टेम्पोत चढून बसलो. ते मात्र रिकाम्या गाळ्यात उभे राहून ते चाक हमालांना दाखवत होते, पोराचं पहिलं पाऊल दाखवावं तसे. हमाल आपले मान डोलवत होते.

ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला. माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता, आजही नाही. तरी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "थांब रे जरा. आमचा एक माणूस आत राहिलाय."