माझी झाली, आता तुमची

सौ. लुचियाताई जगताप यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असा आग्रह संपादक मंडळाने धरला तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणालो. माझी पंचाहत्तरी होऊन गेली. शाळेने शाल दिली, नारळ दिला. ग्रंथबिंथ कुणाला सुचला नाही. तरीही लिहितो आहे, कारण ताईंचा इतका सतत विचार करणारा माणूस मांडवगण फराट्यात माझ्याशिवाय दुसरा नाही. तो विचार बहुतेक वेळा जळफळाटाचा असतो, एवढंच.

मी मूळचा खुटबावचा. मांडवगणला मराठीचा शिक्षक म्हणून आलो आणि इथलाच झालो. दर शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात गोष्ट सांगत असे. शिरूर तालुका असो की दौंड, शाळेचं स्नेहसंमेलन म्हटलं की कथाकथनाला गुरुजी, हे ठरलेलं. माझा नियम एकच. ऐकणाऱ्याने 'हं' म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आमच्या भागात गोष्ट सांगायची ही जुनी रीत आहे.

ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या खिडकीबाहेर. त्यांचे यजमान सुभाषराव रांजणगावच्या एका कारखान्यात होते. कंपनीने त्यांना मशिनच्या ट्रेनिंगला इटलीला पाठवलं आणि ते लग्न करूनच परतले. शनिवारचा तास चालू होता. डोक्यावर पदर, पायात बूट, अशा त्या खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. मुलं 'हं' म्हणायची, की त्याही म्हणायच्या. एक अक्षर कळत नसणार. बाई गंमत बघते आहे, असं मला वाटलं आणि मी आवाज आणखी चढवला.

त्यांचं माहेर उत्तर इटलीतल्या डोंगरात. तिथे पूर्वी थंडीत घरं इतकी गारठायची, की संध्याकाळी सगळी आळी कुणाच्या तरी गोठ्यात जमायची. गुरांच्या अंगाची ऊब असे. बायका सूत काढत, पुरुष टोपल्या विणत आणि गोष्टी चालत. या बैठकीला तिकडे 'फिलो' म्हणतात. एका हिवाळ्यात ताईंनी आपल्या गोठ्यात तेच सुरू केलं. धारा निघाल्या की शेजारच्या बायका भुईमुगाच्या शेंगा फोडायला तिथे जाऊ लागल्या. सर्वांत पुढे आमच्या सौभाग्यवती, शालन.

"अवो, म्हातारी झाडूवर बसून येती आन् लेकरांच्या मोज्यात खाऊ ठेवती," शालनने घरी येऊन मला सांगितलं. "तिकडं धुराड्यातनं उतरती म्हणं. आपल्याकडं कुठलं आलंय धुराडं? मंग ताई म्हनल्या, हितं गव्हाणीतनं येती."

"आणि म्हैस लाथ मारत नाही वाटतं तिला?"

"तुमाला ऐकायचं आसंल तर या की तिथं. हितं बसून कशाला जळताय?"

गेलो. जळायचं ते जवळून जळावं म्हणून गेलो. ताईंच्या गोष्टीतला लांडगा बायकांना पटेना, कारण आमच्या उसात असतो तो बिबट्या. ताईंनी बसल्या जागी लांडग्याचा बिबट्या केला. आता बिबट्या या पंचक्रोशीत माझा! विहिरीत पडलेल्या बिबट्याची माझी गोष्ट दोन्ही तालुक्यांना पाठ आहे. त्यांचा बिबट्या ताकाच्या मडक्यात तोंड अडकवून घेणारा. लोक पोट धरधरून हसले. मी सोडून.

ताईंचा मनाचा मोठेपणाही नोंदवला पाहिजे. शालनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं गोठ्यावर जाणं बंद पडलं. तेव्हा ताई शेंगांच्या पोत्यांसह अख्खी बैठकच आमच्या ओसरीवर घेऊन आल्या. शालन खुलली, माझं घर माणसांनी भरलं. माझ्याच ओसरीवर, माझ्याच सतरंजीवर बसून सगळे ताईंची गोष्ट ऐकत होते, आणि मी आत चहा गाळत होतो.

गुडघा बरा झाल्यावर बैठक परत गोठ्यात गेली. फिलोची एक रीत आहे. गोष्ट संपली की सांगणाऱ्याने म्हणायचं, "माझी झाली, आता तुमची सांगा," आणि कुणाकडे तरी हात करायचा. ज्याच्याकडे हात केला त्याची गोष्ट पुरी होईपर्यंत आधीच्याने नवी सुरू करायची नाही. ताई नेहमी माझ्याकडे हात करत. मी घसा बसल्याचं सांगत असे, मग त्यांचा हात दुसऱ्या कुणाकडे वळे.

मग गेल्या हिवाळ्यात खुटबावच्या शाळेने स्नेहसंमेलनाला ताईंना कथाकथनासाठी बोलावलं. आणि मला बोलावलं ते त्यांचा परिचय करून द्यायला! माझ्या जन्मगावात! अंगाचा नुसता तिळपापड झाला. परिचय केला. ताईंनी मांडव गाजवला, आणि शेवटी माइकवरच माझ्याकडे हात केला. "माझी झाली. गुरुजी, आता तुमची."

भर मांडवात घसा कसा बसणार? बिबट्याची काढली. पण तोवर जिलबीचा वास सुटला होता. मुलं उठली, मागोमाग आया उठल्या. हुंकार एकही येईना. आता गप्प बसावं, कायमचंच, असं ठरवून मी थांबलो. तेवढ्यात समोरून आलं, "हं."

पाहुण्यांची खुर्ची सोडून ताई माझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. मी पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं." बिबट्याला वर काढायला गावकऱ्यांनी विहिरीत दोराने बाज सोडली, त्याने तिच्यावर एक पाय ठेवला, इथवर आलो आणि मांडववाला ओरडला, "गुरुजी, आवरा! माइक काढायचा हाय."

परतताना गाडीत ताई म्हणाल्या, "गुरुजी, मी आले तवा मला मराठीतलं एकच येत होतं. हं. तुमच्या खिडकीत शिकले. सासूबाई काय बी बोलल्या की मी म्हणायची, हं. वरीसभर त्याच्यावरच संसार केला."

ऐकून मला भरून आलं, आणि पाठोपाठ संताप आला. माझ्याविषयीची इतकी चांगली गोष्ट, आणि तीही या बाईंकडेच!

"मग बिबट्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सांगेन," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गोठ्यात मी सांगतो आहे. कधी दोर अडतो, कधी सरपंच मधे बोलतात. रीतीप्रमाणे ताईंना नवी गोष्ट काढता येत नाही. बायका माझ्यावर वैतागल्या आहेत. "काढा की त्याला एकदाचा भाईर!" शालन ओरडते. ताई मात्र शेंगा फोडत हुंकार देतात.

लुचियाताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांच्या गोठ्यात दुभतं नांदो आणि त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत राहोत. माझ्यानंतर त्यांनी हव्या तितक्या गोष्टी सांगाव्यात. तोवर बिबट्याचा एक पाय बाजेवर आहे, तीन पाण्यात आहेत, आणि 'हं' म्हणणारं मला दुसरं कुणी नाही.