बर्फाच्या कारखान्याची पाटी

अमोनियाचा वास आला की लोकांचे डोळे चुरचुरतात. मला मात्र नाना घरी आल्यासारखं वाटतं. माझे वडील, नाना, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसातलं, नकाशांच्या निळ्या प्रती काढणारं यंत्र अमोनियावर चालायचं, आणि तो उग्र, ओलसर वास त्यांच्या शर्टाच्या बाह्यांत, डब्याच्या पिशवीत, इतकंच काय पण केसांतही मुरलेला असायचा. संध्याकाळचा भोंगा झाला की थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजे, आधी वास घरात येई आणि मागून नाना. आई चांदवडची, कांद्याच्या चाळीशेजारी वाढलेली. ती म्हणायची, "माहेरी कांद्याचा वास, सासरी हा. माझ्या नाकाचं नशीब लय थोर!"

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा नानांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. टी-स्क्वेअरची पट्टी आणि टोकदार पेन्सिलींवर ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्या पन्नाशीच्या माणसाला आता माऊस धरून रेघ ओढायची होती. सराव व्हावा म्हणून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. जोडून देणाऱ्या माणसानं जाताना एक सीडी ठेवली, "ताईंना खेळायला" म्हणून. मी तेव्हा नववीत होते. पहिल्या रविवारी नाना सरावाला बसले, मी मागे उभी राहिले, आणि अर्ध्या तासात आम्ही दोघंही सराव विसरून एका परक्या शहरात पोचलो होतो.

खेळ गुन्ह्याचा होता. समुद्रकाठचं धुरकट शहर, अखंड भुरभुरणारा पाऊस, धक्क्याला लागलेली गंजकी जहाजं, आणि आपल्या थोरल्या भावाचा खून कोणी केला हे शोधत भटकणारा, नोकरीतून निलंबित झालेला एक पोलीस. खेळाचं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात त्याला नुसतं 'गोदी' म्हणत. त्या पोलिसालाही नाव होतं, पण नाना त्याला 'आपला माणूस' म्हणायचे, म्हणून मीही.

त्या खेळातली कथा फार सुंदर होती आणि मारामारी फार वाईट. कथा कशी, तर भावाच्या खोलीत सापडलेल्या एका पत्रावरून, खानावळीतल्या म्हातारीच्या एका अर्धवट वाक्यावरून, भिंतीवरच्या फोटोतल्या पुसट चेहऱ्यावरून हळूहळू उलगडणारी. आणि मारामारी म्हणजे निव्वळ छळ. बंदूक रोखायला एक कळ, झाडायला दुसरी, गोळ्या भरायला तिसरी, आणि हे सगळं चालता चालता. आपला माणूस गोळी झाडण्याआधी इतका विचार करायचा की समोरचा तोवर चहा पिऊन आला असता. मेलो की पुन्हा पुलापासून सुरुवात, पुन्हा तीच दहा मिनिटांची पायपीट. हे एका माणसाचं काम नव्हे, असं आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवलं आणि कीबोर्डाची वाटणी करून टाकली. उजवीकडच्या बाणांच्या चार कळा नानांच्या, डावीकडच्या बंदुकीच्या कळा माझ्या. ते चालणार, मी मारणार. इतर घरांत हा खेळ कसा खेळतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तो असाच खेळायचा असतो, अशी आमची खात्री होती.

त्या हिवाळ्यातले रविवार अजून मला उन्हासकट आठवतात. खिडकीतून येणारी कोवळी तिरीप पडद्यावर पडून गोदीतला पाऊस दिसेनासा करायची, म्हणून आई खिडकीला चादर बांधायची आणि चादरीतून गाळलेल्या त्या केशरी उजेडात, अंगात स्वेटर घालून, आम्ही बाप-लेक दोन खुर्च्या चिकटवून बसायचो. बाजूला आई मटार सोलत असायची. "अगं, त्या माणसाला आणखी किती वेळा मारणार? आता त्यालाच जेवायला बोलवा," ती म्हणायची. पण कथेत तिचाही जीव अडकलेला होता. खानावळीतली म्हातारी खोटं बोलते आहे हे सर्वांत आधी तिनंच ओळखलं होतं.

नाना प्रत्यक्षात जसे चालत तसेच खेळात चालत. सावकाश, बाजूला बघत. गोळ्या सुटत असताना ते एखाद्या घड्याळजीच्या दुकानापुढे उभे राहत. कुठला जिना दिसला की म्हणत, "जिना चुकलाय. एवढ्या उंचीला चौदा पायऱ्या लागतील, यांनी नऊच काढल्यात." एका वहीत त्यांनी अख्ख्या गोदीचा नकाशा काढला होता, गल्ल्यांची रुंदीसुद्धा अंदाजानं लिहून. आणि जिथे येऊन आम्ही कायमचे अडकलो, त्या बर्फाच्या कारखान्यापाशी त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : येथे अमोनियाचा वास असणार. बर्फ करायलाही अमोनियाच लागतो, हे मला तेव्हा त्यांनीच सांगितलं.

त्या कारखान्याच्या आत सगळ्या कथेचं उत्तर होतं. दारावर एक पाटी होती, पण तेव्हाची चित्रं ती तशी. पाटी म्हणजे काळ्या फळीवर दहा-बारा पांढरे ठिपके. वर छपरावर बंदुका घेतलेल्या सावल्या. त्या दिसल्या की मी गोळ्या झाडायला लागायची, आणि नेमके तेव्हाच नाना थांबायचे.

"थांब, पाटी वाचू दे."

"नाना, ते नुसते ठिपके आहेत!"

"उगाच कोण ठिपके काढेल? काढणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच."

तोवर आम्ही मेलेलो असायचो.

एका रविवारी असे लागोपाठ सात-आठ वेळा मेल्यावर माझा तोल सुटला. मी कीबोर्डवर हात आपटला आणि म्हणाले, "पळता येत नसेल तर बसता कशाला, नाना? तुमच्यामुळे मरतो आपण. किती स्लो आहात तुम्ही!" आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. नानांनी बाणांवरची बोटं हळूच उचलली, "बरं, तू खेळ," म्हणाले, आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. रागावले असते तर मी दोन दिवसांत विसरले असते. पुढच्या रविवारी मी बोलावलं तेव्हाही ते हसून "तू खेळ" एवढंच म्हणाले. मी एकटीनं करून पाहिलं, पण चालायचं कसं हे मी शिकलेच नव्हते. गोदी तिथेच थांबली. मग दहावी आली, पुढे पुणं आलं.

पुष्कळ वर्षांनी आई एकदा बोलता बोलता म्हणाली की त्याच हिवाळ्यात ऑफिसनं नानांचा ड्रॉइंगचा फळा गोदामात नेऊन टाकला होता, आणि वरच्या साहेबानं नव्या भरतीच्या सगळ्या पोरांदेखत त्यांना "तुम्ही फार स्लो आहात" असं सुनावलं होतं. "घरी येऊन चार दिवस धड जेवले नव्हते. अन् त्यात तू," आई म्हणाली. तेवढंच. माझ्या तोंडून अगदी तोच शब्द निघाला होता, हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली. त्याबद्दल नानांशी बोलायचं मी कित्येकदा ठरवलं आणि दर वेळी द्राक्षं, गाडीची वेळ, आईचे गुडघे असल्याच विषयांवर बोलून परतले.

दोन हजारचं दशक संपत आलं असताना नानांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज मोठ्यानं आकडे म्हणवून घ्या. पण नाना आकड्यांपाशी आले की तोंड मिटून घेत. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला एक-दोन-तीन म्हणायची शरम वाटत असावी. त्याच सुमारास पुण्यातल्या एका दुकानात मला गोदीची पेटी दिसली. खेळ नव्यानं घडवला होता. काही विचार न करता मी तो घेतला.

नवी गोदी पाहून मी थक्क झाले. पावसाचे थेंब आता दगडी फरशीवर फुटत होते, खानावळीतल्या म्हातारीच्या पापण्या खोटं बोलताना किंचित लवत होत्या, आणि भावाचं पत्र त्याच्याच आवाजात ऐकू येत होतं, शेवटच्या ओळीला अडखळणाऱ्या आवाजात. कथा जुनीच होती, पण तिला आता श्वास होता. मारामारी मात्र जुन्याहून वाईट. रोखलेली बंदूक थरथरायची, दृश्य भलतीकडेच गरगरायचं, पोत्यामागे लपायला सांगावं तर आपला माणूस पोत्यावर चढून उभा राहायचा. त्यात माझी खास अडचण वेगळीच. मला अर्धाच खेळ येत होता. दोन्ही हात माझेच, पण ते एकमेकांना ओळखतच नव्हते. मारायला गेले की चालणं थांबायचं, चालायला गेले की बंदूक विसरायची. बर्फाच्या कारखान्यापाशी मी पुण्यातल्या खोलीत एकटी कितीदा मेले, त्याची गणती नाही.

आणि एका दुपारी कीबोर्डकडे बघताना माझ्या लक्षात आलं, की नव्या खेळात चालण्याच्या कळा डावीकडे आल्या आहेत.

पुढच्या शनिवारी मी लॅपटॉप घेऊन नाशिकला आले. रविवारी सकाळी आईनं काही न विचारता खिडकीला चादर बांधली. नानांची खुर्ची या वेळी मी डावीकडे मांडली आणि उजवीकडे माऊस धरून बसले. त्यांचा डावा हात उचलून कळांवर ठेवला. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग आपल्या माणसानं पाऊल उचललं, सावकाश, बाजूला बघत, घड्याळजीच्या दुकानापाशी थांबत. ती चाल मी कुठंही ओळखली असती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हात माऊसवर ठेवायचा होता.

पूल ओलांडला. बर्फाचा कारखाना आला. छपरावर सावल्या हलल्या आणि माझं बोट सवयीनं उचललं गेलं. तेवढ्यात नाना थांबले.

"पा…टी," ते म्हणाले.

ते जुनं वाक्य माझ्या कानात असं वाजलं, की बोट खाली येईना. मी गोळी झाडली नाही. झाडायची नाही, असं ठरवूनच बसून राहिले. मेलो तर मेलो, पण त्यांना पाटी वाचू दे. आता गोळ्या येतील, मग येतील, म्हणून मी वाट बघत होते. छपरावरचे लोक आमच्याकडे बघत उभे होते. कोणीही काही करत नव्हतं.

मी एवढ्या वर्षांत त्यांच्यावर गोळी झाडल्यावाचून इथे एकदाही उभी राहिले नव्हते. पहिली गोळी दर वेळी माझीच असायची.

नवीन चित्रात पाटी स्वच्छ दिसत होती. इंग्रजी होतं, साधं, धंद्याचं. मी नानांना वाचून दाखवलं, "माल घेऊन येणाऱ्यांनी मागच्या दारानं यावं."

नानांच्या तोंडाची एक बाजू हसली. ते वळले, भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले. जुन्या खेळातही हे मागचं दार होतं, की नव्यानं घडवणाऱ्यांनी ते बसवलं, मला माहीत नाही. तो जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. नानांच्या वहीतल्या नकाशात कारखान्याच्या मागची बाजू कोरी आहे. आम्ही तिथवर कधी पोचलोच नव्हतो.

"नाना, तेव्हा मी फार वाईट बोलले होते तुम्हाला," मी म्हणाले. "मरायचो ते माझ्यामुळे."

त्यांनी मान हलवली, ती होकाराची की गप्प बसण्याची खूण, हे कळलं नाही. आपला माणूस दारातून आत गेला होता. समोर एक जिना होता. नाना त्याच्या तळाशी थांबले, नजर वर नेली, आणि एकेक पायरी चढू लागले.

"एक," ते म्हणाले. जड, ओल्या आवाजात. "दो…न."

आईच्या हातातली मटारची शेंग थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या हाताला काही काम नव्हतं. "सा…त. आठ." नवावर ते क्षणभर घुटमळले, मग दहा म्हणाले, अकरा म्हणाले.

"चौदा," नाना म्हणाले, अगदी स्पष्ट. "आता… बरोबर… काढलाय."

वर एक बंद दार होतं. भावाला कोणी मारलं, हे त्या दारापलीकडे होतं. दार उघडायचं बटण माऊसवर होतं, माझ्याकडे. नाना जिन्याकडे मागे वळून बघत होते. त्यांचं बघून होईपर्यंत मी थांबले.