काशीबायची रापण

जेटीजवळ माझं सरबत-सोड्याचं दुकान आहे, आणि काशीबायनं मला जेवढं छळलंय तेवढं सासूनंही छळलं नाही. सकाळी शटर वर केलं की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "विनीता, तू इकतंस आणि मी येचतंय. लाज वाटणा नाय गो तुका?" अहो, बाटल्या वाळूत फेकतात ते पर्यटक! पण ऐकेल ती काशीबाय कसली.

तिचा नवरा लवू रापणीवर होता. वीस-पंचवीस माणसं किनाऱ्यावरून दोर ओढून जाळं बाहेर काढायची. शेवटी शेवटी त्यात मासळी कमी आणि बाटल्याच जास्त यायला लागल्या, तेव्हा लवू कपाळावर हात मारून घ्यायचा. तो गेला, रापणही मोडली. त्याच्या वाट्याचं जाळं घरात उंदीर कुरतडायला लागले, तेव्हा काशीबायनं ते चार वाशांना बांधून किनाऱ्यावर उभं केलं. रिकाम्या बाटल्या, डबे, सगळं त्यात. शेजारीच झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड. तिनं आपली झाडाची सावली बघून जागा धरली होती.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी घोळ झाला. आपली होडी पाण्यात घालण्याआधी गावातल्या गणपतनं राखणदाराला गावठी दारू ठेवली, आणि तीही कशात? माझ्याच दुकानातल्या लिंबू सोड्याच्या बाटलीत! काशीबायला वाटलं, कुणाचं तरी उष्टं राहिलंय. तिनं ते ओतलं, बाटली चेपली आणि टाकली जाळ्यात.

गणपतनं ते बघितलं मात्र, अंगात आल्यासारखा ओरडायला लागला. "हिणा राखणदाराची बाटली वतल्यान! माझ्या होडयेचा काय झाला तर? ह्या जाळा आत्ताच्या आत्ता उपटा!"

दहा-बारा जण जमले. दोघांनी वाशाला हातही घातला. एरवी सगळ्या गावाला पुरून उरणारी काशीबाय जाळं मुठीत धरून उभी राहिली. "लवूचा आसा रे ता," एवढंच म्हणाली. "आधी गावकाराक बोलवा!" मी ओरडले.

देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीनं मागणं मागायचा, मान महादू गावकाराचा. तो सावकाश आला, दगडाकडे बघितलं.

"काशी, खंय वतलंस?"

"थंयच. दगडाच्या मुळात."

"मगे राखणदाराक पोचली मा! तो दारू घेता. बाटली चावता काय रे, गणपत?"

सगळे खो खो हसले, गणपतसुद्धा. महादूनं तिथंच हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदार म्हाराजा, काशीची चूक पोटात घाल. आणि ह्या वाळयेत जो कोण रिकामी बाटली टाकीत, तेचो पाय थंयच चिकटान रवांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मग काय! चतुर्थीला मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा बाटली संपली की आधी पायाकडे बघायचे आणि निमूट जाळ्याकडे चालायला लागायचे. मी दुकानावर पाटीच लावली, पाय सांभाळा म्हणून. महिनाभरात जाळं तुडुंब.

कुडाळहून भंगारवाल्याचा टेम्पो आला, तो रस्त्यावरच थांबला. वाशांवरून सोडलेलं जाळं वाळूतून हलेना. शेवटी गणपतनंच जाळ्याला दोर बांधला, आणि माणसं जुन्या सवयीनं रांगेत उभी राहून ओढायला लागली.

काशीबायनं पदरानं डोळे पुसले. "लवूच्या जाळ्याक इतको भार खूप वर्सांनी इलो गो," म्हणाली. मग लगेच माझ्यावर खेकसली, "बघतंस काय? दोराक हात लाव!"

दुकान उघडं टाकून मी धावले.